तारा आली, पण सोनार्ली कुठं गेली?

पोस्ट मोठी आहे, निवांत वेळ मिळेल तेव्हा वाचा. काही मित्रांना राग येईल. वाघवाल्यांना येईल आणि पुनर्वसनवाल्यांनाही येईल. मी दोन्हीकडचा आहे, त्यामुळं शिव्या दोन्हीकडून खायची सवय आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची वाघीण चांदोलीत आली तेव्हा आपल्या कोल्हापुरात काय आनंद झाला होता ते आठवा. प्रत्येक ग्रुपवर तोच व्हिडिओ. पिंजऱ्याचं दार उघडतं, वाघीण थांबते, बघते आणि आत जाते. 'सह्याद्रीची राणी', 'नाद खुळा', 'आता खरा जंगलाला मालक मिळाला'. मीही तो व्हिडिओ तीन-चार जणांना पाठवला. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. सेनापती, सुभेदार आणि बाजी हे तीन नर आधीपासून या जंगलात फिरत होते, पण मादी नव्हती. मादीशिवाय वाघ नुसता येणार, फिरणार आणि निघून जाणार. केंद्रानं आठ वाघ आणायला परवानगी दिली आहे, तीन नर आणि पाच माद्या. त्यातली ही पहिली, तिचं नाव तारा. डिसेंबरमध्ये दुसरी आली, हिरकणी.

आता माझा प्रश्न. ताराला आधी ज्या कुंपणाच्या आवारात ठेवलं, त्या जागेचं नाव काय? बातम्यांत होतं, आपण वाचलं आणि पुढं गेलो. सोनार्ली.

सोनार्ली हे 'आवाराचं' नाव नाही. ते गावाचं नाव आहे. घरं होती, भाताची खाचरं होती, पाणवठा होता, देऊळ होतं. ते गाव उठलं. आज सोनार्ली बघायची असेल तर चांदोलीला जायची गरज नाही, पेठवडगावला जा. तिथं सोनार्ली वसाहत आहे. गाव जंगलात आणि गावाचं नाव उसाच्या पट्ट्यात, असा हा प्रकार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वारणेवर चांदोलीचं धरण झालं, वसंतसागर जलाशय झाला, त्यात काही गावं गेली. १९८५ साली वरच्या डोंगराला अभयारण्य जाहीर केलं. २००४ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, ३१७ चौरस किलोमीटरचं, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या सांध्यावर. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, ज्याचं मुख्य कार्यालय आपल्या कोल्हापुरात आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं. महाराष्ट्रातली चार ठिकाणं त्यात आली, कास, कोयना, चांदोली आणि आपली राधानगरी. प्रत्येक पायरीला आपण टाळ्या वाजवल्या. आणि प्रत्येक पायरीला आतल्या माणसाचा हक्क एकेक इंच कमी होत गेला. अभयारण्यात चराई, लाकूडफाटा, वाट यांना थोडी तरी जागा असते. राष्ट्रीय उद्यानात तेवढीही नसते. निवळे, ढाकाळे, झोळंबी, रुंदिव, तनाळी, गोठणे ही गावं एकामागून एक उठली. कुणी शिराळ्याच्या बाजूला गेलं, कुणी हातकणंगले-शिरोळात, गोठण्याची माणसं तर घाट उतरून संगमेश्वर तालुक्यात हातीवला गेली.

मी चांदोलीला पहिल्यांदा गेलो ते पर्यटक म्हणूनच. बांबवडे, कोकरूड, आरळा असं करत मणदूरला पोचायचं, तिथं नोंदणी करायची, गाडी आणि गाइड घ्यायचा. झोळंबीच्या सड्यावर पावसाळा नुकताच संपलेला असेल तर जे दिसतं त्याला दुसरी तोड नाही. जांभ्या दगडाचं सपाट पठार, त्यावर बोटभर माती, त्या बोटभर मातीत फुलं. खाली अंजनी, जांभूळ, हिरड्याचं दाट रान. दूरवर वारणेचं पाणी. वारा असा की टोपी हातात धरून बसावं लागतं. सड्याच्या कडेला गव्यांचा कळप होता. पंधरा-वीस तरी असतील, पांढरे पायमोजे घातल्यासारखे. आमचा गाइड हळूच म्हणाला, "सर, त्यो गवा उभा हाय न्हवं, ती आमच्या चुलत्याची खाचरं."

मला आधी समजलंच नाही. मग नीट बघितलं. गवे ज्या हिरवळीवर चरत होते तिच्यात पायऱ्या होत्या. माणसानं बांधलेल्या ताली. बांध ढासळलेले, पण ओळखू येत होते. पुढं एक फणसाचं झाड, त्याच्या बाजूला दोन आंबे, एका ओळीत. एका ओळीत आंबे जंगल लावत नाही. झाडाखाली जोतं होतं, आणि जोत्याच्या कोपऱ्यात जात्याची एक तळी, मध्ये भोक असलेली. गाइडनं ती पायानं जरा बाजूला केली, खाली विंचू असतात म्हणून. तेवढंच. त्यानं कसली तक्रार केली नाही, मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून मला 'अस्पर्श जंगल' हा शब्द सहन होत नाही. आपले निसर्गप्रेमी मित्र, ज्यांत मी स्वतः आहे, हा शब्द फार वापरतात. अरे, कसलं अस्पर्श? प्रचितगडावर राबता होता, घाटवाटांनी कोकणातून मीठ-मासळी वर यायची, नाचणी-तांदूळ खाली जायचा. पिढ्यान्‌पिढ्या माणूस तिथं होता आणि तरीही गवा, सांबर, भेकर, पिसोरी, शेकरू, अस्वल, रानकुत्रा हे सगळं उरलं. देवराया उरल्या. आज गव्याला आणि सांबराला जे गवताळ माळ लागतात, त्यांतले बरेचसे माळ म्हणजे उठलेल्या गावांची शेतं. ती शेतं नसती तर तिथं कारवी आणि झाडोराच असता. म्हणजे ताराचं जेवण ज्या गवतावर वाढतंय, त्या जागा माणसांनी कसून मोकळ्या केल्या होत्या. हे वन खात्यालाही चांगलं ठाऊक आहे, माहितीफलकावर तेवढं येत नाही.

आता दुसरी बाजू. मी एका वसाहतीत एका आबांच्या घरी अधूनमधून जातो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही, त्यांना उगीच त्रास नको. वय ऐंशीच्या पुढं. घरात एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात कपडे नाहीत, सगळे कागद आहेत. संकलन रजिस्टरचा उतारा, पासष्ट टक्के रक्कम भरल्याची पावती, पसंतीचा अर्ज, दुरुस्तीचा अर्ज, दुरुस्तीच्या अर्जाची स्मरणपत्रं. त्यांना जमीन दोन तुकड्यांत मिळाली. एक तुकडा क्षारपड, पाऊस पडला की मीठ फुटतं. दुसऱ्या तुकड्यावर मूळ मालकानं स्थगिती आणली, त्यामुळं कागदावर जमीन यांची आणि ऊस त्यांचा. यात मूळ मालकाला तरी काय बोलणार, त्याचीही जमीन लाभक्षेत्राच्या नावाखाली गेलेलीच. दोन गरीब एकमेकांच्या बांधावर उभे करून व्यवस्था घरी जेवायला गेली. धाकट्या भावाचं नाव संकलनात लागलंच नाही, कारण त्या वेळी तो मुंबईत हमाली करत होता. मिळालेली जमीन वर्ग दोनची, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. पोरीच्या लग्नाला, आजारपणाला तिचा उपयोग शून्य.

एकदा आबांना मी मोठ्या उत्साहात ताराचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला. मग म्हणाले, "झ्याक हाय. आमच्या बा न्‌ बगितला हुता वाघ. गायरानात म्हस मारली हुती. त्येला कुणी मारला न्हाई." थोडा वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "हिला आणली तवा डाक्टर हुता संगं?"

होता. डॉक्टर होता, गाडी होती, गळ्यात रेडिओ कॉलर होती. याला 'सॉफ्ट रिलीज' म्हणतात. नव्या मुलखात जनावराला एकदम सोडायचं नाही. आधी आवारात ठेवायचं, हवापाणी अंगवळणी पडू द्यायचं, खाते की नाही, चालते की नाही बघायचं, मग दार उघडं ठेवायचं आणि तिच्या मर्जीनं बाहेर पडू द्यायचं. बाहेर पडल्यावरही रोज माग ठेवायचा. हे बरोबरच आहे. असंच करायला पाहिजे. शास्त्र तेच सांगतं.

माझं म्हणणं एवढंच की एक मुलूख सोडून दुसऱ्या मुलखात गेलेला जीव बावरतो, त्याला वेळ आणि आधार लागतो, हे आपल्याला वाघिणीच्या बाबतीत कळतं. मग डोंगरातल्या नाचणी करणाऱ्या माणसाला एका ट्रकमध्ये भरून उसाच्या सपाटीवर उतरवताना का कळलं नाही? तिथं ना ओढा, ना रान, ना ओळखीचं झाड. पाणी विकत, सरपण विकत, चारा विकत. आबा म्हणतात, "देवाचे टाक संगं आणलं. देवराई कशी आणायची?" त्यांचा माग कुणी ठेवला? ठेवला असता तर ठिय्या आंदोलनं झालीच नसती. डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर चांदोलीची ही माणसं किती वेळा कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीसमोर बसली हे शहरातल्या प्रत्येकानं बघितलंय. आपण गाडी वळवून पलीकडच्या रस्त्यानं गेलो, एवढंच.

'जमिनी मिळाल्या, पैसे मिळाले, अजून किती?' हे मला आमच्याच एका ट्रेकिंगवाल्या मित्रानं ऐकवलं. काहींना मिळालं, खरं आहे. काहींना चांगली पाण्याची जमीन मिळाली, पोरं इंजिनिअर झाली, ती परत डोंगरात जाणार नाहीत आणि जावं असं मीही म्हणत नाही. माणसं बाहेर आल्यावर जंगल दाट झालं हेही खरं. पण दहा घरांतल्या काही घरांना नीट मिळालं म्हणून उरलेल्यांचा हिशोब बंद होत नाही. बँक आपलं एक रुपयाचं व्याज सोडते का?

हा नुसता दयेचा मुद्दा आहे असं समजू नका. वाघवाल्यांनो, हा तुमच्या फायद्याचा मुद्दा आहे. सांगतो कसा.

३१७ चौरस किलोमीटरमध्ये वाघ मावत नाही. अख्ख्या व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र कोअर-बफर मिळून सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, पण तोही लांबट, चिंचोळा पट्टा आहे. वाघ बाहेर पडणारच. २०२२ मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला वाघ पुढं वर चांदोलीकडं टिपला गेला. म्हणजे तो शंभर-एक किलोमीटर चालला. कुठून? गगनबावडा, पन्हाळ्याची पश्चिम बाजू, विशाळगड, शाहूवाडी. म्हणूनच सरकारनं विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर केली, खाली आंबोली-दोडामार्ग आणि तिळारीपर्यंत. नकाशावर छान हिरवी साखळी दिसते. पण त्या साखळीत गावं आहेत, वाड्या आहेत, गुरं आहेत. तिथला वाघ जगणार की नाही हे कॉलर ठरवणार नाही. ज्याची म्हैस मेली तो शेतकरी त्या रात्री काय करतो त्यावर ते ठरणार.

आणि त्या शेतकऱ्याच्या डोक्यात काय आहे? चांदोली आहे. 'आधी अभयारण्य म्हणाले, मग उद्यान म्हणाले, मग उठा म्हणाले.' शाहूवाडी-राधानगरीतल्या कुठल्याही वाडीत पारावर बसा, हे वाक्य ऐकू येईल. २०११ चा माधव गाडगीळ समितीचा अहवाल आला तेव्हा त्यात ग्रामसभेला विचारा असं लिहिलेलं होतं. कुणी वाचला? लोकांना सांगितलं गेलं की घराला खिळा ठोकायलाही परवानगी लागणार. लोकांनी विश्वास ठेवला, कारण चांदोली डोळ्यासमोर होती. मग कस्तुरीरंगन आले, मग इको-सेन्सिटिव्हचे मसुदे सुरू झाले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडची दरड कोसळून माणसं गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. प्रत्येक मसुद्याला गावोगावी विरोधाचे ठराव. त्या ठरावांच्या आडून कुणाचं भलं होतं? सड्याखालच्या बॉक्साइटवर डोळा असलेल्यांचं. घाटमाथ्यावर प्लॉट पाडून 'फॉरेस्ट व्ह्यू' विकणाऱ्यांचं. चांदोलीच्या माणसाची न मिटलेली तक्रार हे त्यांचं फुकटचं भांडवल आहे. ती तक्रार मिटवा, त्यांच्या हातातलं हत्यार जाईल. इतका सरळ हिशोब आहे आणि पंधरा वर्षांत कुणाला तो मांडावासा वाटला नाही.

शहरवाल्यांसाठी एक वेगळं. डिसेंबर २०२१ आठवतो? गवा शहराच्या वेशीवर आला होता, भुयेच्या बाजूला एका तरुणाचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात कोथरूडला गवा आला, गर्दीनं पळवून पळवून तो मेला. तेव्हा आपण सगळे 'प्राणी शहरात का येतात' यावर तज्ज्ञ झालो होतो. आठ दिवस. १९५८ साली राज्यातलं पहिलं अभयारण्य याच गव्यासाठी दाजीपूरला झालं, हे आपण अभिमानानं सांगतो. मग तो गवा आपल्या दारात आल्यावर त्याला वाट कशी करून द्यायची हे शिकायला नको? आजरा-चंदगडचा शेतकरी हत्तीनं तुडवलेल्या उसाचे पंचनामे किती वर्षं करतोय, त्याला विचारा.

आणि पाणी. वारणेच्या पाण्यावरून दानोळी आणि इचलकरंजी केवढी भांडली. रस्त्यावर उतरली, बंद झाले, पोलीस आले. दोन्ही बाजूंची भाषणं मी ऐकलीत. त्या नदीच्या उगमाकडची कुठली गावं रिकामी झाली म्हणून हे पाणी अडलं, त्यांतल्या एकाही गावाचं नाव मी एकाही भाषणात ऐकलं नाही. कोल्हापूर शहर तरी वेगळं कुठं आहे? थेट पाइपलाइनचं काळम्मावाडीचं पाणी नळाला आलं म्हणून पेढे वाटले. त्या धरणाच्या मागं राधानगरी अभयारण्याचं जंगल उभं आहे, ते कुणी सांभाळलं याची चौकशी नाही.

आपल्याला राग येत नाही असं नाही. माधुरी हत्तीणीला वनताराला नेली तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत हजारो माणसं चालत आली. जिओची सिमकार्डं पोर्ट केली. त्यात बरोबर काय, चूक काय यावर मी इथं बोलत नाही, त्यावर आधीच भांडून झालंय. पण एखादा जीव 'आपला' वाटला की हा जिल्हा उन्हातान्हात चालतो, हे त्या दिवशी दिसलं. त्याच शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात चांदोलीच्या वसाहती आहेत. ती माणसं तीस वर्षं आपली का वाटली नाहीत?

मी काय मागतोय ते स्पष्ट लिहितो, नाहीतर उद्या म्हणाल नुसती टीका करतो. उरलेले वाघ आणा, जरूर आणा, मी स्वागताला येतो. पण त्याच्या आधी गावनिहाय यादी लावा. कुणाचं संकलन अपुरं, कुणाची जमीन बाकी, कुणाचा ताबा बाकी, हे सगळं वसाहतीच्या चावडीवर आणि संकेतस्थळावर, नावासकट आणि मुदतीसकट. मणदूरच्या गेटवर गाइड आणि गाडीचा पहिला हक्क उठलेल्या गावांच्या पोरांना द्या. गावदेवाच्या जत्रेला वर्षातून एक दिवस त्या माणसांना आत जाऊ द्या, वन खात्याच्या गाडीतून, भीक मागायला न लावता. एका दिवसात वाघ पळून जात नाही. आणि सड्यावर जे फलक लावलेत, 'पॉइंट' आणि 'व्ह्यू' म्हणून, तिथं गावांची नावं लिहा. कुठं देऊळ होतं, किती उंबरे होते, माणसं कुठं गेली. याला फारसा खर्चही येत नाही.

आबांनी शेवटच्या वेळी विचारलं होतं, "तुझी वळख हाय का फारेस्टात? मला एकडाव वर न्हे. बसून येतो." मी हो म्हटलंय. कागद करतोय. गुडघे चालतायत तोवर परवानगी मिळाली पाहिजे. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, म्हणजे वर्षातले जेमतेम सात-आठ महिने हातात आहेत.

ज्यांच्या घरात, पाहुण्यात, ओळखीत चांदोलीची किंवा कोयनेची उठलेली माणसं आहेत त्यांनी खाली गावाचं जुनं नाव लिहा. वसाहतीचं नको, जुनं. कागद अडकले असतील तर इनबॉक्समध्ये पाठवा, कायद्याचं जाणणारे दोन मित्र मदतीला तयार आहेत, पैसे घेत नाहीत. वाघावरून वाद घालायचा असेल तर रविवारी सकाळी रंकाळ्यावर या, मिसळ माझ्याकडून.